सात जणांसाठी ऑनलाइन घर घेताना: फोटोत काय नाही ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचे सात जण, त्यात गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, सासरे आणि चार वर्षांची मुलगी. पाच रात्रींसाठी हॉटेलऐवजी अख्खं घर घ्यायचं आहे आणि ऑनलाइन शोधून तीन घरं बाजूला काढली आहेत. पहिलं फोटोत फार देखणं, रेटिंग पूर्ण पाच, पण रिव्ह्यू चारच. दुसरं साधं, रेटिंग ४.८६, रिव्ह्यू दीडशेच्या आसपास. तिसऱ्या घराच्या मालकाने कळवलंय की साइटवरून बुकिंग न करता थेट बँकेत पैसे भरलेत तर १५ टक्के सूट देतो. यातलं कोणतं घ्यावं आणि घेताना काय बघावं?

मी गेली बारा वर्षं सुट्टीसाठी भाड्याने जाणारी घरं सांभाळते. मालकांच्या वतीने फोटो काढायचे, लिस्टिंगचा, म्हणजे साइटवरच्या घराच्या जाहिरातीचा, मजकूर लिहायचा, पाहुण्यांना किल्ली द्यायची, रात्री गीझर बंद पडला की माणूस पाठवायचा, हे माझं रोजचं काम. लिस्टिंग कशी बनते, त्यात काय येतं आणि काय गाळलं जातं हे मी आतून बघितलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिसऱ्या घराचं आधी सांगते, कारण धोका तिथेच सगळ्यात जास्त आहे. ते घर सोडून द्या. प्लॅटफॉर्मवर ओळख झालेल्या पाहुण्याला बाहेरून पैसे भरायला सांगणं हे जवळपास सगळ्याच मोठ्या साइट्सच्या नियमांत बसत नाही. पण नियमापेक्षा महत्त्वाचं आहे ते पैशाचं. एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या साइटवर तुम्ही भरलेली रक्कम होस्टला, म्हणजे घर देणाऱ्याला, लगेच मिळत नाही, पाहुणे दाखल झाल्यानंतर साधारण २४ तासांनी सोडली जाते. दारात पोचलात आणि घरच नसलं, किंवा फोटोतलं घर वेगळंच निघालं, तर या एका दिवसाच्या अवधीत तुमचे पैसे अजून साइटच्याच हातात असतात. बँकेतून परस्पर पाठवलेल्या पैशाला असं कुणीच धरून ठेवत नाही. मालक प्रामाणिक असेलही, पण ते पारखायला तुमच्याकडे काही साधन नाही आणि १५ टक्क्यांसाठी सात जणांची सुट्टी पणाला लावू नये.

थेट बुकिंग सरसकट वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे दरवर्षी येणारी कुटुंबं आहेत, ती सरळ फोन करतात. घर बघितलेलं असेल, लेखी करार होत असेल आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरता येत असतील तर थेट बुकिंगला हरकत नाही. कार्डाने भरलं की निदान बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागण्याचा रस्ता राहतो. न बघितलेल्या घरासाठी बँक ट्रान्सफर, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो असं कुणी म्हटलं, की तिथेच थांबायचं.

याच्याच जोडीला अलीकडची एक फसवणूक सांगते, कारण तीत सावध माणसंही सापडतात. तुम्ही खऱ्या साइटवर खरं बुकिंग केलेलं असतं. मग त्याच साइटच्या मेसेजमध्ये, खऱ्या घराच्या नावाने निरोप येतो: ‘तुमचं कार्ड पडताळलं गेलं नाही, बारा तासांत या लिंकवर भरा, नाहीतर बुकिंग रद्द होईल.’ होस्टच्या किंवा हॉटेलच्या खात्याचा पासवर्ड चोरून असे निरोप पाठवले जातात. निरोप नेहमीच्याच ठिकाणी आलेला असल्यामुळे संशय येत नाही. अशी लिंक उघडू नका. अॅप स्वतः उघडून बुकिंगच्या पानावर काही रक्कम खरंच बाकी दिसते का ते बघा. दिसत नसेल तर साइटच्या मदत विभागाला कळवा.

आता फोटो. माझं सगळ्यात जास्त सांगणं याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी एका दुमजली घराचे फोटो काढायला गेले होते. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम आणि घरातली एकमेव बाथरूम. मधे लोखंडी गोल जिना, एकोणीस पायऱ्या. मी जिन्याकडे कॅमेरा वळवला तेव्हा मालक म्हणाले, ‘तो नको, लोक घाबरतात.’ मी तो फोटो काढला नाही. तीन आठवड्यांनी एक कुटुंब आलं, सोबत वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी. मुलाने बुकिंग केलं होतं आणि सगळे फोटो दोनदा बघितले होते. आजी जिन्याखालच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. आम्ही बैठकीत पलंग लावून दिला, पण बाथरूम वरच. त्या दोन दिवस पायरीवर बसून, हातांनी अंग मागे उचलत, एक एक पायरी वर जात होत्या. मी लावलेल्या बावीस फोटोंपैकी एकही खोटा नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लिस्टिंगमध्ये जिन्याचा फोटो तिसरा असतो आणि मजकुरात पायऱ्यांची संख्या असते.

म्हणून फोटो बघताना एक कागद घ्या आणि ज्याचा फोटो नाही ते लिहून काढा. बाहेरून घर दिसतं का? मुख्य दार? जिना? प्रत्येक बाथरूम पूर्ण दिसते की फक्त बेसिन आणि घडी घातलेले टॉवेल? खिडकीतून बाहेर काय आहे? पडदे ओढलेले असतील तर समोर भिंत किंवा रस्ता असण्याची शक्यता धरून चाला. बाल्कनीचा कठडा जवळून दिसतो का? चार वर्षांच्या मुलीसाठी कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर बघायलाच हवं. स्विमिंग पूल असेल तर त्याला कुंपण आणि कडी आहे का, हेही.

खोल्यांचा आकार फोटोवरून ठरवताना वाइड अँगल लेन्स लक्षात घ्या. आम्ही सगळेच ती वापरतो, कारण तिच्याशिवाय लहान खोली एका चौकटीत मावतच नाही. ती लेन्स कडेच्या वस्तू ताणते. फोटोच्या टोकाला असलेला फ्रिज कपाटाएवढा रुंद दिसला किंवा कोपऱ्यातलं गोल बेसिन लंबगोल दिसलं, की खोली दिसते त्याहून बरीच लहान समजा. सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे पलंग. त्याच्या दोन्ही बाजूंनी माणूस चालू शकतो की एक बाजू भिंतीला चिकटलेली आहे, ते बघा. दोन उशा शेजारी ठेवल्यावर गादीची रुंदी संपत असेल तर तिथे दोन मोठी माणसं आरामात झोपणार नाहीत.

मग खोल्या मोजा. तीस फोटोंत एकच बेडरूम चार कोपऱ्यांतून काढलेली असते. पडदे, दिवे, फरशी जुळवून बघितलं की खऱ्या खोल्या किती ते कळतं. ‘आठ जण झोपू शकतात’ असं लिहिलेलं असतं तेव्हा आठांमध्ये बैठकीतला सोफा-कम-बेड हमखास धरलेला असतो. तिथे झोपणाऱ्याला सगळे आत गेल्याशिवाय आडवं होता येत नाही आणि सकाळी पहिला चहा करणाऱ्याबरोबर उठावं लागतं. सात जणांना दोन बाथरूम तरी हव्यात आणि त्यांतली एक बेडरूममधूनच जाता येणारी असेल तर रात्री सासऱ्यांना कुणाच्या तरी खोलीतून जावं लागेल. हे फोटोत कळत नाही. विचारावंच लागतं.

फोटो खरे आहेत का, याची तपासणी सोपी आहे. गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयींवर दोन-तीन फोटो टाका. तेच घर दुसऱ्या गावाच्या नावाने किंवा विक्रीच्या जाहिरातीत दिसलं तर विषय संपला. तेच घर त्याच गावात दुसऱ्या साइटवरही असेल तर घाबरू नका, बहुतेक मालक दोन-तीन ठिकाणी लिस्टिंग ठेवतात. उलट तिथले रिव्ह्यूही वाचायला मिळतात.

जागेबद्दल थोडक्यात. बऱ्याच साइट्सवर बुकिंगआधी नेमका पत्ता न देता नकाशावर फक्त एक वर्तुळ दाखवतात. ‘समुद्रापासून पाच मिनिटं’ ही पायी की गाडीने, आणि रस्ता सपाट की चढाचा, हे विचारा. वर्तुळातले रस्ते गूगल नकाशाच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या फोटोंत, फिरून बघा. खाली बार, समोर बांधकाम, शेजारी रेल्वे हे बऱ्याचदा तिथे दिसतं, पण ते फोटो जुने असू शकतात, तेवढी तारीख बघून घ्या.

आता रिव्ह्यू. वर सांगितलेल्या आजींच्या कुटुंबाने नंतर काय लिहिलं माहीत आहे? ‘घर सुंदर, होस्ट प्रेमळ, जिना थोडा चढा आहे.’ चार तारे. रिव्ह्यू असेच लिहिले जातात. ज्याने दोन दिवस त्रास काढला तोही घरी गेल्यावर सौम्य होतो. एअरबीएनबीवर पाहुणा आणि होस्ट दोघंही एकमेकांबद्दल लिहितात, त्यासाठी १४ दिवस असतात आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच ते दिसतात. त्यामुळे सूड म्हणून लिहिणं कमी झालं, पण भीड काही गेली नाही. ‘थोडा’, ‘जरासा’, ‘सवय झाली की’ हे शब्द जिथे येतात तिथे थांबा आणि त्याच्यापुढची तक्रार दुप्पट धरा. एकच सौम्य तक्रार तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत केली असेल तर ती पक्की. ‘काहीही बिघडलं की होस्ट लगेच धावून येतात’ असं पुन्हा पुन्हा वाचलंत तर होस्ट चांगला आहेच, पण त्या घरात सतत काहीतरी बिघडतंय हेही त्यातच आलं.

तारे कसे वाचायचे? पाचपैकी ४.५ म्हणजे उत्तम, हा हिशेब इथे चालत नाही. एअरबीएनबी चांगल्या होस्टना सुपरहोस्ट हा दर्जा देते, तो मिळायलाच किमान ४.८ सरासरी लागते. ४.६ च्या घरात काहीतरी खटकणारं आहे असं समजून ते काय हे शोधा. बुकिंग डॉट कॉमची मोजणी दहापैकी असते, तेव्हा दोन साइट्सचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. आणि चार रिव्ह्यूंचे पाच तारे म्हणजे फक्त चार कुटुंबं खूश झाली एवढंच. दीडशे जणांनी राहून ४.८६ टिकवणं मला कितीतरी जड वाटतं. रिव्ह्यू नवे आधी असे लावून वाचा. मधेच सात-आठ महिन्यांची पोकळी दिसली आणि नंतर सूर बदलला असेल तर घर सांभाळणारी माणसं बदलली असावीत. तुम्ही ज्या ऋतूत जाणार त्या ऋतूतले रिव्ह्यू शोधा, थंडीतल्या पाहुण्याला डास दिसत नाहीत. शोधण्याची सोय असेल तर ‘जिना’, ‘आवाज’, ‘पाणी’, ‘वास’ हे शब्द घालून बघा.

पैशाकडे येते. रात्रीच्या दरावरून घरं तोलू नका, पूर्ण बेरजेवरून तोला. कोणतंही चलन धरा. पहिल्या घराचा दर रात्रीला १०० आणि क्लीनिंग फी एकदाच ८०. दुसऱ्याचा दर १२५, फी नाही. दोन रात्रींना पहिलं २८० आणि दुसरं २५०. पाच रात्रींना पहिलं ५८० आणि दुसरं ६२५. म्हणजे तीच घरं, पण दिवस वाढले की स्वस्त-महाग उलटं होतं. आता बऱ्याच ठिकाणी फीसकट रक्कम सुरुवातीलाच दाखवतात. एअरबीएनबीने २०२५ च्या एप्रिलपासून जगभर तसं केलं आणि अमेरिकेत १२ मे २०२५ पासून तो नियमच झाला. तरी स्थानिक कर काही वेळा वेगळा धरलेला असतो किंवा पोचल्यावर मागतात. अमुक संख्येच्या वर प्रत्येक माणसामागे जादा आकार असतो, तेव्हा शोधताना सातही जणांचा आकडा घाला, मुलीसकट. दोन कमी दाखवून स्वस्त घेण्याचा मोह टाळा. दारात मोजणी होते आणि त्या वादात तुमची बाजू पडते.

कॅन्सलेशनची अट वाचताना तारीख आणि वेळ दोन्ही कागदावर लिहून ठेवा, आणि ती वेळ बहुतेकदा त्या घराच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असते हे विसरू नका. ‘रक्कम परत नाही’ या अटीवर थोडी सूट मिळते. वयस्कर माणसं आणि लहान मूल सोबत असताना ती सूट मी घेणार नाही. बरेच जण समजतात की घरात कुणी आजारी पडलं तर साइट समजून घेईल. एअरबीएनबीचं आपत्तीविषयक धोरण नैसर्गिक आपत्ती, प्रवासबंदी अशा मोठ्या घटनांसाठी आहे, आजारपण किंवा दुखापत त्यात बसत नाही. त्यासाठी वेगळा प्रवास विमा लागतो.

परवान्याचा मुद्दा पाहुण्यांना कंटाळवाणा वाटतो, पण बुकिंग आयत्या वेळी रद्द होण्याचं ते एक मोठं कारण आहे. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीचा नियम कडकपणे लागू आहे: ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर होस्टने त्याच घरात राहायला हवं आणि पाहुणे दोनच. तिथे सात जणांना आठवड्यासाठी अख्खा फ्लॅट कुणी देत असेल तर तो नियम मोडून देतोय. जपानमध्ये २०१८ च्या कायद्याने अशा घरांना वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने संपवायचं जाहीर केलंय. तुम्ही जाणार तिथे नोंदणी क्रमांक लागतो का ते बघा आणि लागत असेल तर तो लिस्टिंगमध्ये दिसलाच पाहिजे.

सुरक्षिततेत मी एका गोष्टीवर अडून बसते: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. गॅसवर पाणी तापवणारं उपकरण, शेगडी किंवा फायरप्लेस असलेल्या घरात हा वायू साठू शकतो आणि त्याला रंग नाही, वास नाही. झोपेत माणसं जातात. लिस्टिंगच्या सोयींमध्ये हा अलार्म लिहिलेला नसेल तर विचारा, आणि लहान बॅटरीवरचा अलार्म स्वतःच्या बॅगेतही नेता येतो. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे लावायला पूर्ण बंदी केली आहे, बाहेरचे असतील तर आधी सांगावे लागतात.

पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी अर्धा तास द्या. दारापासून सगळ्या खोल्यांतून मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा. आधीच तुटलेलं, डागाळलेलं असेल त्यावर दोन सेकंद थांबा. गरम पाणी, फ्रिज, कुलपं, फ्लश लगेच तपासा. काही चुकीचं दिसलं तर होस्टला फोन जरूर करा, पण फोन ठेवल्यावर तेच साइटच्या मेसेजमध्ये फोटोसह लिहा. एअरबीएनबीला अडचण कळल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं, मी म्हणेन त्याच संध्याकाळी कळवा. चौथ्या दिवशी ‘पहिल्या दिवसापासून वास होता’ म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही. आणि चिडून न सांगता घर सोडून जाऊ नका, मग रक्कम परत मागणं फार अवघड होतं.

तुमच्या तीन घरांपैकी माझा कल दुसऱ्या घराकडे आहे. पहिलं मनात भरलं असेल तर दोन्ही होस्टना आज साइटवरूनच हा एकच मेसेज पाठवा:

‘नमस्कार. आम्ही सात जण आहोत, त्यात दोन ज्येष्ठ आणि चार वर्षांची मुलगी. गाडी थांबते तिथपासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? त्यांना कठडा आहे का? जिन्याचा आणि दोन्ही बाथरूमचा एकेक फोटो पाठवाल का? ज्या मजल्यावर बेडरूम आहे त्याच मजल्यावर बाथरूम आहे का आणि तिथे दुसऱ्या बेडरूममधून न जाता पोचता येतं का? सात जण कुठे कुठे झोपतील? बाल्कनीच्या गजांमध्ये किती अंतर आहे? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? दिसते त्या रकमेवर पोचल्यावर आणखी काही द्यावं लागेल का?’

मी असा मेसेज मिळाला की खूश होते, कारण हे पाहुणे आल्यावर दारात वाद होणार नाही हे मला कळतं. एक दिवस वाट बघा. ‘काळजी करू नका, सगळं छान आहे’ एवढंच उत्तर आलं तर पायऱ्या किती हे पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्यांदाही आकडा मिळाला नाही तर ते घर यादीतून काढा, आणि जो पायऱ्यांचा आकडा आणि जिन्याचा फोटो पाठवेल त्याच्याकडे बुकिंग करा.